आधी भांडा, मग गळ्यात पडा

सर्वधर्म परिषदेचा फोटो पाहिला की परिषद पाहायची गरज उरत नाही. डावीकडून भगवी कफनी, पांढरा झगा, हिरवा साफा, निळी पगडी. मध्ये समई आणि समईमागे स्थानिक नगरसेवक. सगळ्यांचे हात एकमेकांत गुंफून वर केलेले, निवडणुकीआधी युती जाहीर करताना करतात तसे. फोटो झाला की भाषणं. आमचा धर्म शांतीचा आहे, असं प्रत्येक जण वीस-वीस मिनिटं सांगतो. सगळेच धर्म इतके शांतीचे असतील तर दंगली कोण करतं, हे विचारायची सोय नसते, कारण तोवर जेवणाची वेळ झालेली असते. जेवण शाकाहारी. त्यावर सर्व धर्मांचं एकमत असतं, किंवा कुणी कुणाला विचारलेलं नसतं.

आमचं तारनाका असल्या परिषदांना फार सोयीचं. एका अंगाला उस्मानिया विद्यापीठ, हबसीगुड्याच्या रस्त्याला सरकारी प्रयोगशाळांची रांग, दारात मेट्रोचं स्टेशन. वक्ते आणि श्रोते दोन्ही पायी येऊ शकतात. शिवाय शहर हैदराबाद, त्यामुळे 'गंगाजमनी तहजीब' आयतीच मिळते. गंगा इथून शेकडो कोसांवर, यमुनाही तितकीच. इथून वाहते ती मुसी, आणि तिच्या पुलावरून जाताना हिंदू, मुसलमान, ख्रिश्चन सगळे एकाच वेळी नाकाला रुमाल लावतात. या शहरातलं धार्मिक ऐक्याचं एवढं नियमित प्रात्यक्षिक दुसरं नाही.

लालागुड्याच्या रेल्वे कारखान्यातून निवृत्त झालेले एक मुसलमान गृहस्थ आमच्या गल्लीत राहतात. त्यांना अशाच एका परिषदेला नेलं. परत येताना ते गप्प होते. घराजवळ आल्यावर म्हणाले, "साब, उनों सब एकीच है बोल रैं. फिर पार्किंग के वास्ते झगडा कौन कर रैं?"

हा प्रश्न त्या दिवशी व्यासपीठावर कुणी घेतला असता तर परिषद सत्कारणी लागली असती.

सोळाव्या शतकात पैठणला एकनाथांनी तो घेतला होता. पैठण पुढे निजामाच्या राज्यात होतं, म्हणजे हा ठेवा आमच्याच हद्दीतला असं आम्ही हैदराबादकर मराठी लोक उगाच मानतो. नाथांचं 'हिंदू-तुर्क संवाद' नावाचं भारूड आहे. नावावरून कुणाला वाटेल, दोघे बसून एकमेकांच्या धर्माची थोरवी गात असतील. छे. सुरुवातच तोंडसुख घेण्यापासून होते. तुर्क हिंदूच्या मूर्ती, अवतारकथा आणि सोवळंओवळं धुऊन काढतो. हिंदू त्याला विचारतो, देव सगळीकडे आहे तर तू एकाच दिशेला तोंड का करतोस, आणि कापलेल्या जनावराचं पुण्य तुला कसं लागतं. कुणी कुणाला सूट देत नाही. मात्र दोघांनाही समोरच्याचा धर्म नीट ठाऊक आहे. हवेत गोळीबार नाही. भांडून भांडून दोघे थकतात, तेव्हा कुठे समजूत पटते आणि ते एकमेकांना आलिंगन देतात.

आमच्या परिषदांनी हा क्रम उलटा केला. आधी गळाभेट, मग निरोप, आणि भांडण घरी जाऊन व्हॉट्सॲपवर, ते आपापल्या गटात. समोरचा ऐकत नसताना. नाथांचं भारूड आज एखाद्या व्यासपीठावर जसंच्या तसं सादर केलं तर पहिल्या दहा मिनिटांत दोन्ही बाजूंच्या भावना दुखावतील. पूर्वीचं कलम २९५-अ आता न्याय संहितेत २९९ झालं आहे, तेवढं गुन्हा नोंदवताना लक्षात ठेवावं लागेल. आलिंगनापर्यंत कुणी थांबणार नाही.

खरं बोलून भांडणाऱ्याचं मतपरिवर्तन होतं याचा एक पुरावा आमच्याच शहरात आहे, शिवरामपल्लीला. हेन्री मार्टिन इन्स्टिट्यूट १९३० साली लाहोरला निघाली तेव्हा तिचं काम सरळ होतं: मुसलमानांत धर्मप्रसार करायला जाणाऱ्या मिशनऱ्यांना इस्लाम शिकवायचा. प्रतिस्पर्ध्याचा अभ्यास म्हणा ना. गावोगाव फिरत ती सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला हैदराबादला आली. मुसलमानांना समजून घेता घेता संस्थेचा बाप्तिस्म्यातला रस कमी होत गेला आणि संवाद, सलोखा हेच तिचं काम होऊन बसलं. इतक्या वर्षांत धर्मांतर नक्की झालं म्हणायचं तर ते संस्थेचं. १९९० च्या दंगलीनंतर जुन्या शहरातल्या सुलतानशाहीत तिनं 'अमन-शांती' नावानं काम उभं केलं: बायकांसाठी शिवणवर्ग, मुलांचं शिक्षण. शिवणयंत्रावर बसलेल्या बाईला 'संवाद साधा' म्हणून सांगावं लागत नाही. सुई तुटली की शेजारच्या यंत्राकडे हात जातोच, तिथं बसलेली कुणाचीही असो.

आता दिखाव्याच्या ऐक्याचं उदाहरण. तेही घराजवळचंच, तारनाक्याहून चालत जाता येईल असं. उस्मानियाचं आर्ट्स कॉलेज. अर्न्स्ट जास्पर या बेल्जियन वास्तुतज्ज्ञानं आराखडा केला, १९३९ साली सातव्या निजामानं उद्घाटन केलं. प्रवेशाची कमान इस्लामी घाटाची, आतल्या खांबांवर अजिंठा-वेरूळची छाप. इमारत अप्रतिम आहे, वादच नाही. पण बांधकाम शेवटच्या टप्प्यात असताना, १९३८ च्या अखेरीला, याच विद्यापीठाच्या वसतिगृहांत हिंदू मुलांनी प्रार्थनेत वंदे मातरम् म्हटलं म्हणून त्यांना काढून टाकण्यात आलं. तिकडे औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजातही तेच चाललं होतं. बाहेर काढलेल्या मुलांना नागपूर विद्यापीठानं आसरा दिला. म्हणजे वेरूळच्या खांबाला निजामाच्या विद्यापीठात जागा होती, वेरूळच्या मुलखातून आलेल्या मुलाच्या गाण्याला नव्हती. दगडाला भावना नसतात, त्याला हे सोपं पडतं.

भाषणांचंही तसंच. १३ फेब्रुवारी १८९३ ला सिकंदराबादच्या महबूब कॉलेजात विवेकानंदांचं व्याख्यान झालं. त्याच मुक्कामात निजामाचे मेहुणे नवाब खुर्शीद जाह यांनी त्यांना अमेरिकेच्या प्रवासासाठी हजार रुपये देऊ केले. संन्यासी हिंदू, पैसे द्यायला निघालेला अमीर मुसलमान. आजच्या वाहिन्यांनी आठवडाभर चालवलं असतं. मेअखेर स्वामीजी मुंबईहून बोटीत बसले. ११ ऑगस्टला त्याच मुंबईत हिंदू-मुसलमानांची भयंकर दंगल उसळली. ११ सप्टेंबरला शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत त्यांना टाळ्यांचा कडकडाट मिळाला. मध्ये बरोबर एक महिना. शंभर वर्षांनी, १९९३ ला, शिकागोतच शताब्दी परिषद भरली आणि जागतिक नीतीचा जाहीरनामा निघाला. त्याच वर्षाच्या जानेवारीत मुंबई पुन्हा पेटलेली होती. आधीच्या डिसेंबरसकट मृतांचा आकडा श्रीकृष्ण आयोगानं ९०० सांगितला. शतकभरात भाषणांची भाषा फार सुधारली होती, यात शंका नाही.

मग संवाद कुठे चालतो? माझ्या मते कॅलेंडरात.

मराठी घरात सगळ्यात जास्त खपलेलं सर्वधर्मीय साहित्य म्हणजे कालनिर्णय. १९७३ पासून ते स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगलेलं आहे. एकादशी, पतेती, गुड फ्रायडे, मोहरम सगळं एका पानावर, आणि उरलेल्या जागेत दुधाचा हिशेब. आमच्याकडे तारनाक्यातही तेच आहे. फक्त दुधाऐवजी पाण्याच्या कॅनचा हिशेब असतो. या पानावरच खरी गंमत चालते. आपलं पंचांग दर दोन-तीन वर्षांनी अधिक महिना घालून ऋतूशी जमवून घेतं. हिजरी वर्ष ३५४ दिवसांचं, ते जमवून घेत नाही; दर वर्षी अकराएक दिवस अलीकडे सरकतं. त्यामुळे मुसलमानांचा प्रत्येक सण बत्तीस-तेहतीस वर्षांत आपल्या सगळ्या सणांच्या दारावरून एकदा जातो. २००४ आणि २००५ ला दिवाळी आणि रमझान ईद एकाच आठवड्यात आली होती. २०१८ ते २०२० मोहरम गणपतीत होता. २०२३ पासून तीन वर्षं मिलाद, म्हणजे पैगंबरांचा जन्मदिवस, गणपतीत आला, तोही थेट विसर्जनाच्या अंगावर.

२०२३ ला तर अनंत चतुर्दशी आणि मिलाद दोन्ही २८ सप्टेंबरला. हैदराबादेत हे किती ज्वालाग्राही आहे हे बाहेरच्याला कळणार नाही. बाळापूरच्या गणपतीची मिरवणूक हुसेनसागराकडे निघते ती जुन्या शहरातून, चारमिनारवरून. मिलादचा जुलूसही तिथलाच. हिरवे झेंडे आणि भगवे झेंडे एकाच अरुंद रस्त्यावर, वर ट्रकवर डीजे, आणि दोन्हीकडे विशीतली पोरं. काय झालं? काहीच झालं नाही. कारण मिलाद समितीच्या लोकांनी पोलिसांबरोबर बसून जुलूस १ ऑक्टोबरला घेतला. मुंबईत तो २९ सप्टेंबरला निघाला. २०२४ ला मिलाद आणि विसर्जन एका दिवसाच्या अंतरानं आले, तेव्हा हैदराबादचा जुलूस १९ सप्टेंबरला गेला, मुंबईचा १८ ला. २०२५ ला हैदराबादेत १४ सप्टेंबर, मुंबईत ८. नमाज, दरूद, घरातली गोड खीर ज्या त्या दिवशीच झाली. हलली ती फक्त मिरवणूक. या निर्णयासाठी समई लावली नव्हती. कुठला ट्रक कुठल्या चौकात किती वाजता, एवढ्यावर बोलणी झाली असणार. मला विचाराल तर अलीकडच्या काळातला सर्वांत यशस्वी आंतरधर्मीय संवाद हा.

पण इथं एक टोचणी आहे, ती गिळून चालणार नाही. सलग तीन वर्षं, दोन्ही मोठ्या शहरांत, तारीख सोडली ती एकाच बाजूनं. आपण काय केलं? आभार मानले. "अनंत चतुर्दशी कशी हलवणार, ती तिथी आहे" असं लगेच कुणी तरी म्हणेल. बरोबर आहे. मात्र दीड दिवसाचा, पाच दिवसांचा, गौरींबरोबरचा, सात दिवसांचा गणपती विसर्जन करणारे आपणच आहोत, आणि त्यातला किती भाग शास्त्राचा व किती रजेचा, हे गणपती बसवणाऱ्या प्रत्येक घराला माहीत आहे. माझ्याही. मिलादवाल्यांनीही तिथी हलवली नाही, मिरवणूकच हलवली. पुढच्या वेळी पाळी आपली आली तर एखाद्या मंडळानं आपला डीजे एक दिवस आधी काढायला हरकत नसावी. त्या दिवशी आकाश कोसळलं तर मी जबाबदार.

सांगली जिल्ह्यात वाळव्याजवळ गोटखिंडी आहे. तिथं १९८० पासून गणपती मशिदीत बसतो. दर वर्षी वाहिन्यांचे वार्ताहर जातात, तोच कोन, तेच दृश्य, तेच 'ऐक्याचं अनोखं दर्शन'. मूळ गोष्ट मात्र कुणी नीट सांगत नाही. १९६१ साली धो धो पाऊस होता, मूर्ती भिजायला लागली, आणि शेजारच्या मुसलमानांनी सांगितलं की आत आणून ठेवा. बस. गावकरी तरी असंच सांगतात. वेद आणि कुराण यांतली साम्यस्थळं त्या रात्री कुणी काढली नसणार. मूर्ती शाडूची होती की नाही, एवढीच काळजी असेल. पुढे बकरी ईद आणि गणपती जुळले तेव्हा तिथल्या मुसलमानांनी कुर्बानी टाळली. पुन्हा बघा, सोडलं कुणी.

याच्या दुसऱ्या टोकाला आमच्या हैदराबादचा सिद्दीअंबर बाजार. रामनवमीची शोभायात्रा तिथून जायची असली की वाटेवरची मशीद आधी कापडानं झाकतात. उत्तरेत अलीगढला होळीआधी ताडपत्री लागते. बंदोबस्त म्हणून मी समजू शकतो. पोलिसांना संध्याकाळपर्यंत दिवस सुखरूप काढायचा असतो. पण दुसऱ्या दिवशी 'शांततेत पार पडली' अशी बातमी येते, तिथं माझं पित्त खवळतं. भिंतीवर काय फेकलं जाईल आणि कोण फेकेल, हे ठाऊक असल्याशिवाय कुणी एवढं कापड मोजून आणत नाही. फेकणाऱ्याशी दोन शब्द बोलायचे राहतात, कापड मात्र वर्षागणिक लांब होत जातं.

असं बोलणं ज्यांनी खरोखर केलं त्यांची गोष्ट भिवंडीची आहे. ७ मे १९७० ला शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून भिवंडी पेटली. चौकशीला मादन आयोग बसला. १९८४ ला पुन्हा पेटली. भिवंडी म्हणजे दंगल, हे समीकरण इतकं पक्कं होतं की तिथं बदली म्हणजे पोलिसाला शिक्षा वाटे. १९८८ ला सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी मोहल्ला समित्या काढल्या, सत्तरएक. हिंदू आणि मुसलमान सारख्या संख्येनं, आणि त्यातही पुढारी किंवा धर्मगुरू यांच्यापेक्षा गल्लीतली साधी माणसं: यंत्रमागावरचे कामगार, रिक्षावाले, दुकानदार. प्रत्येक समितीला त्या भागातले पोलीस जोडलेले. बैठकीत विषय काय? तुंबलेलं गटार. रात्री उशिरा वाजणारा भोंगा. नवरा-बायकोची भांडणं. चोरी. सगळी कंटाळवाणी प्रकरणं. महिनेन् महिने हे असंच चाललं, आणि बाहेरच्या कुणाला त्यात बातमी दिसली नसती.

डिसेंबर १९९२ आला. पलीकडे मुंबई जळत होती. भिवंडीत दंगल झाली नाही. 'मुंबई जळाली, भिवंडी का नाही?' हा प्रश्नच खोपड्यांनी पुढे पुस्तकाला नाव म्हणून दिला. उत्तर अवघड नाही: अफवा आली तेव्हा ती खरी की खोटी हे विचारायला दुसऱ्या गल्लीतला एक ओळखीचा माणूस होता, ज्याच्याशी आधी गटारावरून भांडण झालेलं होतं. भांडलेला माणूस ओळखीचा असतो. परिषदेत हात धरलेला माणूस पायऱ्या उतरल्यावर अनोळखी होतो.

या यशानंतर राज्यभर अशा समित्या निघायला हव्या होत्या. निघाल्या त्या 'शांतता समित्या'. ओळखपत्र, वर्षातून दोन बैठका, चहा-बिस्किटं, आणि सभासदांत नेमके तेच चेहरे जे निवडणुकीच्या फलकावर असतात. बैठकीत ठाणेदार साहेब सहकार्याचं आवाहन करतात, सभासद सहकार्याचं आश्वासन देतात, आणि ज्या गल्लीत ठिणगी पडणार तिथला माणूस त्या वेळी कामावर असतो. भिवंडीतही जुलै २००६ मध्ये एका पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून रक्त सांडलंच. गोळीबारात माणसं गेली, दोन पोलीस जमावानं मारले. चांगला अधिकारी बदलून गेला की त्याच्या फायलीबरोबर शहाणपणही कपाटात जातं, ही आपली सरकारी परंपरा.

आणि आपलं, म्हणजे तुमचं-माझं काय? तारनाक्यातल्या कुठल्याही गल्लीत शिरा, फाटकांवर 'टू-लेट'च्या पाट्या लटकलेल्या दिसतील. काहींवर खाली बारीक अक्षरात 'फक्त शाकाहारी'. ज्यांवर तसं लिहिलेलं नाही ते फोनवर नाव विचारतात. नाव ऐकलं की घर 'कालच गेलं' असतं. पाटी मात्र पुढचे दोन महिने लटकतच राहते. यात तेलुगू, मारवाडी, तमिळ, मराठी असा भेद नाही. या बाबतीत आपण सगळे एक आहोत. मुसलमान वस्तीतही परका भाडेकरू सहज घेतला जात नाही, हेही सांगून टाकतो, म्हणजे पत्रं कमी येतील. परिषदेत 'वसुधैव कुटुंबकम्' म्हणणाऱ्या एका सद्गृहस्थांचा वरचा मजला रिकामा आहे, हे मला माहीत आहे. नाव लिहीत नाही, मला त्यांच्या शेजारीच राहायचं आहे.

२०२६ ला मिलाद ऑगस्टच्या अखेरीला येतो आणि अनंत चतुर्दशी २५ सप्टेंबरला. मध्ये महिनाभर मोकळा. त्यानंतर हे दोन सण पुन्हा अंगावर यायला तीस वर्षं आहेत. म्हणजे तारखेवरून बोलणी करायची निकड संपली, आणि निकड संपली की आपण बोलणं बंद करतो. भिवंडीच्या समित्या दंगल नसताना बसत होत्या, म्हणून कामाला आल्या.

तेव्हा गणपतीआधी तुमच्या ठाण्यात शांतता समितीची बैठक लागेल, तिथं यंदा तुम्ही जा. मंडळाच्या अध्यक्षांची चिंता नको, ते गेलेलेच असतात. भोंगा, डीजे, पार्किंग, जे काही वर्षभर पोटात साठलं असेल ते तोंडावर बोला आणि समोरच्याचंही ऐकून घ्या. उठताना त्याचा फोन नंबर तेवढा मागून घ्या. वरचा मजला भाड्यानं द्यायचा असेल तर तोच नंबर तेव्हाही उपयोगी पडेल.